राजगड सोडा, गिरणी धरा: सेमिस्टरचा फोटो प्रोजेक्ट वेळेत कसा पूर्ण करायचा

जुलैत सेमिस्टर सुरू होतं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकदम भारी भारी विषय असतात. कुणाला वारी करायची असते (जी तोवर पुण्यातून पुढे गेलेली असते), कुणाला कोकणातले मासेमार, आणि मला राजगड. पाऊस, धुकं, ब्लॅक अँड व्हाइट, सगळं डोक्यात तयार. चार रविवार गेले त्यात. एकदा स्वारगेटला एसटी चुकली, एकदा गुंजवण्यापर्यंत पोचलो तर पाऊस असा की कॅमेरा बॅगेतून बाहेरच आला नाही, एकदा ताप, आणि एकदा फोटो मिळाले पण ते गडावर जाणाऱ्या कुणाच्याही फोनमध्ये सापडतील असे. ऑगस्ट उजाडला आणि हातात शून्य. शेवटी जो प्रोजेक्ट पूर्ण झाला तो रूमपासून चार मिनिटांवरच्या पिठाच्या गिरणीत झाला, आणि त्यात जे काही कळलं ते खाली लिहितेय, म्हणजे तुमचे तरी चार रविवार वाचतील.

स्टेप १: विषय चालत जाण्याच्या अंतरावर शोधा

एक कागद घ्या आणि आठवडाभर रोज जिथे जिथे जाता ते लिहून काढा. मेस, इस्त्रीवाला, झेरॉक्स, बसस्टॉप, मंडई, चहाची टपरी. मग प्रत्येकासमोर तीन प्रश्न: इथे आठवड्यातून दोनदा जाता येईल का, इथे वेळेनुसार काही बदलतं का, आणि इथे कुणी हाताने काही काम करतंय का. तिन्हीला हो आलं तर विषय मिळाला. गिरणीला तिन्ही हो होते. सकाळी डब्यांची रांग वेगळी, दुपारी गिरणीवाले काका पेपर वाचत बसलेले, नवरात्राआधी उपवासाच्या पिठाची गडबड, दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीची तर झुंबडच.

विषय जवळचा म्हणजे लहान, असं वाटू देऊ नका. मुंबईच्या सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले, त्यांच्याच शहरात, आणि २०१६ ला त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला पद्मश्री नको, जर्नल वेळेत सबमिट झालं तरी पुरे, पण पुन्हा पुन्हा जाणं ही गोष्ट तीच आहे.

स्टेप २: पहिले तीन वेळा कॅमेरा नेऊ नका

खरंच नेऊ नका. मी दोन किलो गहू घेऊन गेले. पेइंग गेस्ट राहणारी मुलगी गहू दळायला आणतेय म्हटल्यावर काकांनी आधी मलाच विचारलं, पोळ्या कोण करतं गं तुमच्याकडे? (कुणीच नाही. ते पीठ रूम पार्टनरच्या मावशीकडे गेलं.) दुसऱ्या वेळी ज्वारी नेली, तिसऱ्या वेळी नुसतीच उभी राहिले. या तीन फेऱ्यांत कळलं की उजेड कुठून येतो, गर्दी कधी असते, आणि एक महत्त्वाची गोष्ट, की बायका आल्या आल्या सांगतात, आमचे गहू गव्हावरच टाका हं. म्हणजे आधी कुणाची बाजरी दळली असेल तर जात्यात उरलेलं पीठ आपल्या गव्हात येतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. हे पुढे मला भलत्याच ठिकाणी कामाला आलं.

परवानगी चौथ्या वेळी मागा आणि सरळ सांगा, कॉलेजचं काम आहे, चार महिने येत राहीन, गिऱ्हाइकांचे चेहरे विचारल्याशिवाय काढणार नाही. आणि पहिल्याच आठवड्यात दोन-तीन छोटे प्रिंट काढून नेऊन द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बघून लोक छान म्हणतात आणि विसरतात, पण प्रिंट दिला की तुम्ही परत येणार याची त्यांना खात्री पटते.

स्टेप ३: जागेचा उजेड समजून घ्या

गिरणीत माझे पहिले शंभर एक फोटो वाया गेले. कारण नंबर एक ट्यूबलाइट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, डोळ्याला दिसत नाही पण सेकंदाच्या १/५०० इतकंच उघडणाऱ्या शटरला दिसतं, आणि मग फोटोत आडवे पट्टे येतात किंवा एक फोटो पिवळट एक हिरवट. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. स्वस्तातल्या एलईडी बल्बांचंही असंच होतं.

कारण नंबर दोन, पीठ पांढरं असतं. हसू नका. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं धरून चालतो, म्हणून पांढऱ्या पिठाने भरलेली फ्रेम तो करडी करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) प्लस एक करा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा, उजवीकडे आपटत नाहीये ना. उलट जुन्या काळ्या मशीनचा क्लोजअप असेल तर मायनसमध्ये जा.

तिसरं म्हणजे दारातून येणारा निळसर दिवसाचा उजेड आणि आतली ट्यूब, दोन रंग एकाच चेहऱ्यावर. मी सुरुवातीला हे कॉम्प्युटरवर सरळ करत बसायचे आणि रात्रीचे दोन वाजायचे. मग साधा उपाय सापडला, काकांना विचारून दहा मिनिटं ट्यूब बंद. दारातून येणारा उजेड उडणाऱ्या पिठातून असा काही सुंदर यायचा की बास. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा हे सांगायला नकोच.

लेन्स? कमी उजेडात चालणारी ५० एमएम एफ १.८ असेल तर उत्तम, मित्राची मागा, नसेल तर कॅमेऱ्याबरोबर येणारी किटची १८-५५ चालते. मशीनच्या पट्ट्याची गती दाखवायची असेल तर १/१५ च्या आसपास, कॅमेरा भिंतीला टेकवून.

स्टेप ४: कॅमेरा जिवंत ठेवा

आत लेन्स बदलायची नाही. कधीच नाही. पीठ सेन्सरवर (कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चिप) बसलं की प्रत्येक फोटोत माशा बसल्यासारखे ठिपके. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी घाला, पुढे लेन्सपुरतं भोक, रबरबँड, झालं. बाहेर आल्यावर आधी ब्लोअर, मग ब्रश, मग कापड. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात, आणि पीठ अधिक ओल म्हणजे खळच की.

आणि पावसाळ्यात फंगस, म्हणजे बुरशी. पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या खोलीत भिंतीला ओल असेल तर कपाटात ठेवलेल्या लेन्सला महिन्याभरात जाळं धरू शकतं. महागाचं ड्राय कॅबिनेट नको, घट्ट झाकणाचा मोठा डबा आणि त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी ओढलंय, तापवून पुन्हा वापरता येतात, पण मेहेरबानी करा आणि स्वयंपाकाचा तवा वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. एक जुनं भांडं वेगळं ठेवा. शक्यतो केशरी रंगाचे दाणेच आणा.

स्टेप ५: आठवडा बांधून घ्या

माझा असा होता: मंगळवार सकाळी आणि शनिवार संध्याकाळी गिरणी, प्रत्येकी एकच तास. त्याच रात्री फोटो उतरवायचे, नावं द्यायची, झोपायचं. निवड रविवारी. बाकी दिवस स्टुडिओ लायटिंगचे असाइनमेंट, थिअरी, मेसचं जेवण, कपडे, घरी फोन. एक तास कमी वाटतो पण चाळीस मिनिटांनंतर आपण तेच तेच काढायला लागतो.

बॅकअपचा नियम तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक खोलीच्या बाहेर. माझी हार्ड डिस्क सप्टेंबरात टेबलावरून पडली, चार्जरच्या वायरीत पाय अडकून, आणि त्यात एक आठवडा असा होता जो दुसरीकडे नव्हता. नेमका त्याच आठवड्यात काकांनी मशीन उघडून दगडाला टाकी लावली होती (गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करतात ते). ते काम रोज होत नाही. ते फोटो गेले ते गेले.

स्टेप ६: एक काम हाताने करा, मी सायनोटाइप केलं

आमच्याकडे एका विषयात जुन्या पद्धतीने प्रिंट करायचा असतो. सायनोटाइप, म्हणजे उन्हात निळा प्रिंट काढायची पद्धत, सगळ्यात स्वस्त आणि डार्करूमही लागत नाही. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली पद्धत, पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सने याच पद्धतीने समुद्री शेवाळांची चित्रं छापायला सुरुवात केली. कृती अशी:

अमोनियम फेरिक सायट्रेट (हिरवं मिळतं ते) २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिली पाण्यात. दोन वेगळ्या तपकिरी बाटल्या. वापरायच्या वेळी दोन्ही सारखे घेऊन मिसळायचे, हातमोजे घालून, मंद पिवळ्या बल्बच्या उजेडात, स्पंजच्या ब्रशने कागदावर किंवा कापडावर पातळ लावायचं आणि अंधारात वाळवायचं. ॲसिड जवळपास नको, फेरिसायनाइड तीव्र ॲसिडमध्ये गेलं तर विषारी वायू निघू शकतो. भांडी, चमचे वेगळे. फोटोची निगेटिव्ह करून ओएचपीच्या पारदर्शक शीटवर प्रिंट काढा, ती वर ठेवा, वर जुन्या फ्रेमची काच, आणि गच्चीवर उन्हात.

इथेच गंमत आहे. ही प्रक्रिया अल्ट्राव्हायोलेटवर चालते आणि ऑगस्टात पुण्यात ऊन असतं कुठे? मी भर दुपारी ढगाखाली चाळीस मिनिटं ठेवलं तरी फिकट. तेच ऑक्टोबरात आठ मिनिटांत झालं. म्हणून हे काम दसऱ्यानंतरच लावा, आणि आधी चार पट्ट्या कापून दोन, चार, आठ, बारा मिनिटांची टेस्ट करा. उन्हात रंग हिरवट पिवळ्यावरून राखाडीसर होतो, जरा जास्त झालंय असं वाटलं की थांबा. मग साध्या पाण्यात पिवळं जाईपर्यंत धुवा. निळा रंग दुसऱ्या दिवसापर्यंत आणखी गडद होतो.

मी मांजरपाटावर छापलं, कारण पिठाच्या पिशव्या. नवं कापड आधी धुऊन खळ काढून टाका नाहीतर द्रावण नीट मुरत नाही. आणि एक गोष्ट रडून सांगते, तयार झालेला प्रिंट कपड्याच्या पावडरने धुवू नका. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी नेलेला एक आईने प्रेमाने बाकी कपड्यांबरोबर भिजत टाकला, बाहेर आला तेव्हा काका आणि गिरणी दोघंही पिवळट भुतासारखे. पावडरीतल्या अल्कलीने हा निळा उडतो. आई म्हणाली, कच्चा रंग होता मग.

स्टेप ७: नऊशे फोटोंतून बारा

स्क्रीनवर निवड करू नका. आधी साठ काढा, त्यांचे छोटे स्वस्त प्रिंट करा, खोलीतली गादी उचला आणि जमिनीवर पसरा. दोन दिवस तसेच राहू द्या, येताजाता बघा. रूम पार्टनर शिव्या देईल, तिलाही बघायला लावा. फोटोग्राफी न शिकलेला माणूस ज्या फोटोपाशी थांबतो तिथे खूण करा. जो काढायला फार कष्ट पडले म्हणून तुम्हाला आवडतो, तो जवळजवळ नेहमी काढून टाकावा लागतो. माझा पट्ट्याच्या गतीचा फोटो असाच गेला, तीन शनिवार घालवले होते त्यावर.

क्रम लावताना मला गव्हावर गहू आठवलं. आधीच्या फोटोचं थोडंसं पीठ पुढच्यात येतंच. काकांच्या हाताच्या क्लोजअपनंतर लगेच चेहरा ठेवला की तो चेहरा दमलेला वाटायचा, तोच रिकाम्या डब्यांच्या रांगेनंतर ठेवला तर वाट बघणारा. एकही फोटो न बदलता. हे करून बघा, दोन फोटोंची जागा बदलून मोठ्याने सांगा काय दिसतंय.

स्टेप ८: ज्युरी (परीक्षकांसमोर प्रोजेक्ट मांडणं)

स्टेटमेंट, म्हणजे प्रोजेक्टबद्दलचा छोटा मजकूर, दीडशे शब्दांत, आणि काकांना वाचून दाखवता येईल अशा भाषेत. कुठे, किती दिवस, काय दिसलं. मोठे प्रिंट शेवटच्या दोन दिवसांवर टाकू नका, दिवाळीच्या आसपास लॅब लग्नांच्या अल्बमांनी भरलेल्या असतात. आधी छोटा टेस्ट प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा, लॅपटॉपचा ब्राइटनेस जास्त असतो त्यामुळे प्रिंट नेहमी काळपट येतो.

ज्युरीनंतर काकांना म्हटलं, यातला कुठलाही एक निवडा, मोठा करून देते. त्यांनी बाराही बघितले, छान आहेत म्हणाले, आणि मग विचारलं, तो नाहीये का, मी इस्त्रीचा शर्ट घातला होता तो? होता. पहिल्या आठवड्यातला, ट्यूबलाइटखालचा, पट्टे आलेला, काका मशीनशेजारी ताठ उभे आणि मागे दरांचा फलक पूर्ण वाचता येतोय. मी तो साठातसुद्धा घेतला नव्हता. पट्टे जमतील तेवढे काढले आणि आठ बाय बाराचा करून दिला.