काल संध्याकाळी काय केलंस? हे इटालियनमध्ये सांगायचंय तर इंग्रजी बाजूला ठेवा

सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी कुणीतरी विचारतंच, "के आई फात्तो साबातो सेरा?" म्हणजे शनिवारी संध्याकाळी काय केलंस. (हे "आई" म्हणजे आपली आई नव्हे, "ह" लिहितात पण उच्चारत नाहीत म्हणून असं ऐकू येतं.) आणि आपण "बेने, बेने" म्हणून मान हलवतो की संपलं, समोरचा कप घेऊन निघून जातो. मिलानला आल्यावर माझे पहिले तीन महिने असेच गेले. ॲपवर मी "मुलगा सफरचंद खातो" इथपर्यंत पोचले होते, पण शनिवारी कुठे गेले, काय खाल्लं, मजा आली का, हे काही सांगता येईना, आणि लोकांना तर तेवढंच ऐकायचं असतं, सफरचंदाचं कुणाला पडलंय.

चूक माझीच होती, मी सगळं इंग्रजीतून शिकत होते. मराठीतून घ्यायला लागले आणि निम्मं काम आपोआप झालं. कसं ते सांगते.

आधी तोंड. इटालियनचा त आणि द आपल्यासारखाच दाती आहे, म्हणून टिरामिसू नाही, तिरामिसू. जोडाक्षर खरंच जोडून म्हणायचं, आपल्याला गला आणि गल्ला यातला फरक कळतो ना, तसंच, आणि हॉटेलात "पेन्ने" मागताना न चा जोर अजिबात सोडू नका, एका न चं जे होतं ते पास्ता नसतं, वेटर हसेल. ब्रुशेटा नाही, ब्रुस्केत्ता. आणि पिझ्झा म्हणजे पित्सा, त्यातला त्स म्हणजे आपल्या चमच्यातला च. आपल्याला तो घरचाच आहे. साडेआठ म्हणजे "ओत्तो ए मेज्जा", इथला ज जावयातला. मी वहीत सगळं देवनागरीतच लिहायचे, कुणी हसलं तर हसू दे.

आता खरी गोष्ट, भूतकाळ. इटालियनमध्ये घडून गेलेलं सांगायला दोन मदतनीस लागतात. "ओ मान्जातो", मी खाल्लं, इथे मदतनीस आवेरे (ओ, आ ही त्याचीच रूपं). "सोनो अंदाता", मी गेले, इथे एस्सेरे (सोनो, ए ही त्याची रूपं). कुठे कोण लावायचं याच्या पुस्तकात लांबलचक याद्या असतात. तुम्ही यादी पाठ करू नका, वाक्य मनात तृतीयपुरुषात नेऊन बघा. त्याने खाल्लं, त्याने पाहिलं, त्याने घेतलं, "ने" आला की डोळे मिटून आवेरे: आ मान्जातो, आ विस्तो, आ प्रेसो. तो गेला, तो आला, तो बाहेर पडला, तो परतला, "ने" नाही आणि जाण्यायेण्याचं काम आहे, म्हणजे एस्सेरे: ए अंदातो, ए वेनूतो, ए उशीतो, ए तोर्नातो.

ही युक्ती शंभर टक्के चालत नाही हं. "ने" नसूनही आवेरे घेणारी काही आहेत आणि नेमकी ती संध्याकाळी बाहेर गेल्यावरच लागतात: तो जेवला, तो प्यायला, तो नाचला, तो हसला, तो बोलला. जाणंयेणं नाही, त्यामुळे आ चेनातो, आ बेवूतो, आ बाल्लातो, आ रीझो, आ पार्लातो. ही पाच घोका, बाकीची हळूहळू येतील. आणि ज्याच्या आधी "मी" लागतं (नुसतं मला नव्हे, स्वतःला या अर्थाचं) ते कायम एस्सेरे. सगळ्यात कामाचं तेच, "मी सोनो दिवेर्तीता", मला मजा आली. खूप मजा आली म्हणायचं तर पुढे "उन साक्को" लावा. साक्को म्हणजे पोतं. पोतंभर मजा.

एस्सेरे आलं की शेवटचा स्वर बाई की पुरुष त्याप्रमाणे बदलतो, गेलो-गेलेसारखा. पुरुष असाल तर अंदातो, बाई असाल तर अंदाता. ॲपमधला आवाज पुरुषाचा होता, मी त्याची नक्कल करत करत सत्तरीच्या घरमालकीणबाईंना ऐटीत सांगितलं, "सोनो अंदातो आल चिनेमा." त्यांनी भाजी चिरता चिरता सुरी थांबवली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अंदाताऽऽ." एवढंच. तेव्हापासून चुकले नाही. (कोल्हापूरकडच्या मैत्रिणींनो, तुम्ही बिनधास्त "मी आलो" म्हणता ते ऐकायला भारी वाटतं, पण इथे नाही चालणार.) अनेकवचनात आपल्याकडे "आम्ही गेलो" म्हटलं की बायका का पुरुष ते कळत नाही, इटालियनमध्ये कळतं: सगळ्या बायका असतील तर "स्यामो अंदाते", त्यात एक जरी पुरुष आला की "स्यामो अंदाती". दहा जणी आणि एक नवरा, तरी अंदाती. मी यावर वाद घालून बघितलाय, उपयोग नाही.

आवडलं-नावडलं सांगताना तर आपली मज्जाच आहे. इंग्रजीतून शिकणारे इथे महिनोन् महिने अडकतात कारण त्यांच्याकडे "मी आवडवतो" असा कारभार. आपल्याकडे "मला आवडतं", इटालियनमध्ये "मी प्याचे", शब्दाला शब्द तेच. आणि भूतकाळात आपण जसं आवडला-आवडली-आवडले करतो तसंच तेही, जी गोष्ट आवडली तिच्याप्रमाणे. "मी ए प्याचूतो इल फिल्म", सिनेमा आवडला. "मी ए प्याचूता ला पित्सा", इथे मात्र जपा, आपला पिझ्झा पुल्लिंगी, त्यांची पित्सा बाई. न्योक्की (बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे) आवडले तर "मी सोनो प्याचूती".

मागचं चित्र, म्हणजे गर्दी होती, थंडी होती, पाऊस पडत होता, याला वेगळा काळ आहे. मराठीत जिथे "होता-होती-होतं" येतं तिथे बहुतेक तोच. चेरा तांता जेन्ते, खूप लोक होते. फाचेवा फ्रेद्दो, थंडी होती. प्योवेवा, पाऊस पडत होता. सुरुवातीला हे तीन पुरतात, सगळा तक्ता आत्ताच उघडू नका.

आता बोलावण्याचं. "स्तासेरा के फाई?" आज संध्याकाळी काय करतेयस. "ती वा उन आपेरितीवो?" आपेरितीवो म्हणजे जेवणाआधीचं एखादं पेय आणि त्याबरोबर चिप्स, ऑलिव्ह, काहीबाही चरायला. मिलानमध्ये नावील्यीच्या कालव्यांकाठी संध्याकाळी सहानंतर बघा, हेच चालू असतं, हिरव्या मेट्रोने पोर्ता जेनोवाला उतरायचं आणि चालायला लागायचं. तिथे "स्बाल्यातो" म्हणून एक कॉकटेल मिळतं, त्याचा अर्थच "चुकलेलं". मिलानच्याच बार बास्सोमध्ये नेग्रोनी नावाचं कॉकटेल बनवताना जिनऐवजी फसफसणारी वाइन पडली आणि लोकांना तेच आवडलं, अशी गोष्ट सांगतात. शब्द लक्षात ठेवा कारण "ओ स्बाल्यातो", माझं चुकलं, हे तुम्हाला दिवसातून वीस वेळा लागणारे.

हो म्हणायचं तर "वोलेन्त्येरी". नाही म्हणायचं तर "मागारी उनाल्त्रा वोल्ता", बघू पुन्हा कधीतरी, आपल्यासारखंच, त्याचा अर्थ नाहीच असतो. ऐन वेळी कुणी टांग दिली तर "मी आ दातो बूका", शब्दशः त्याने मला खड्डा दिला. बिल आलं की "आल्ला रोमाना", हे आपलं टीटीएमएम वाटतं पण नाही, एकूण बिल भागिले डोकी, तुम्ही नुसतं पाणी प्यायलात तरी तेवढंच द्यायचं. वर बिलात "कोपेर्तो" म्हणून माणशी दोनतीन युरो दिसले तर भांडू नका, ते बसण्याचे. आणि शाकाहारी असाल तर "सेन्त्सा कार्ने" एवढ्यावर विसंबू नका, ट्यूना घालून आणतील, "ने कार्ने ने पेशे" म्हणा, मांसही नको मासाही नको.

अजून एक गोंधळ. आत शिरताना "बोनासेरा", निघताना "बोना सेराता", आणि "बोनानोत्ते" फक्त झोपायला जाताना. मी एकदा जेवायला आत शिरतानाच उत्साहात "बोनानोत्ते!" म्हणाले, काउंटरवरचा माणूस म्हणाला, बाई, खोल्या भाड्याने नाहीत इथे.

जेवल्यावर ते "फारे दूए पास्सी" करतात, दोन पावलं चालतात. आपली शतपावली, शंभराची दोनच झाली. आणि "क्वात्त्रो क्याक्किएरे", चार गप्पा. हा शब्द म्हणता म्हणता जीभ वळते, पण एकदा जमला की लोक खूश होतात.

सराव कसा करायचा तर रोज रात्री फोनवर पाचच वाक्यं रेकॉर्ड करा, आधी मराठीत बोला, मग इटालियनमध्ये. माझं पहिलं धड जमलेलं असं होतं: "येरी सेरा सोनो उशीता कोन ले अमीके. स्यामो अंदाते आई नावील्यी. अब्बियामो मान्जातो ऊना पित्सा. चेरा तांता जेन्ते. मी सोनो दिवेर्तीता उन साक्को." मग त्यात एक एक घालत गेले, शेवटची मेट्रो चुकली ("ओ पेर्सो लुल्तिमा मेत्रो"), पहाट झाली ("ओ फात्तो ले ओरे पिक्कोले", छोटे तास केले, कारण एक-दोन-तीन हे आकडे लहान ना). आणि सांगून झालं की लगेच "ए तू?" विचारा, म्हणजे पुढची पाच मिनिटं समोरचा बोलतो आणि तुम्हाला फक्त "दाई!" आणि "मा वा!" (दोन्ही साधारण "काय सांगतेस!") म्हणत ऐकायचंय.

नावील्यी हवंच असं नाही. मी सुट्टीला नाशिकला होते तेव्हा मिलानच्या मैत्रिणीला व्हॉइस मेसेज टाकला, येरी सेरा आम्ही पाणीपुरी खायला गेलो, "ने ओ मान्जाती दोदीची", मी बारा खाल्ल्या. तिचं उलट उत्तर आलं, बारा प्लेट का?