लेझर पॉइंटर खिशातच ठेवा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचं सादरीकरण जवळ आलं की मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये चहाच्या घोटागणिक एकच प्रश्न ऐकू येतो: "बाहेरचे परीक्षक काय विचारतील गं?" ज्युनियर मुलं मला भीती घालवायचा उपाय विचारतात. माझं उत्तर त्यांना आवडत नाही. भीती जात नाही. मी आजही बोलायला उभी राहिले की तळहात ओले होतात. पण ओल्या हातांनीही दहा मिनिटं नीट बोलता येतं. त्यासाठी आधी तोंडाने बोलून ठेवलेलं असावं लागतं. मनातल्या मनात स्लाइड वाचणं म्हणजे तयारी नव्हे.

पूर्ण भाषण पाठ करू नका. एक शब्द निसटला की पुढचं सगळंच पुसलं जातं. पहिली तीन-चार वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत, कारण सगळ्यात वाईट असतं ते पहिलं मिनिट. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांनी आपल्याला "आदरणीय व्यासपीठ" वगैरेची सवय लावली आहे. इथे ती सोडा, थेट विषयात शिरा. माझा विषय मुंबईचा पाऊस होता. पहिलं वाक्य असं: "२६ जुलै २००५च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली, आणि कुलाब्याला जेमतेम ७३." हे बोलले आणि परीक्षकांनी माना वर केल्या. त्यांचं लक्ष माझ्यावरून पावसावर गेलं, मला तेवढंच हवं होतं. तुमच्या अहवालातही असा एखादा आकडा किंवा निरीक्षण असेलच. ते पंधराव्या स्लाइडवर लपवून ठेवू नका.

सराव करायला जागा कुठे, हा मुंबईतला खरा प्रश्न. एका खोलीत टीव्ही चालू, भावाचा अभ्यास चालू. मी प्लॅटफॉर्मवर फोन कानाला लावून सराव करायचे. फोनवर बोलणाऱ्या मुलीकडे या शहरात कोणी ढुंकूनही बघत नाही. एका मावशींनी तेवढं काळजीने विचारलं, "कधी पडणारे एवढा?"

बोललेलं रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज नकोसा वाटतो, पण वेग कळतो. घाबरलेला माणूस दहा मिनिटांचं सहा मिनिटांत उरकतो, आणि "ॲक्च्युअली" किती वेळा येतं तेही तिथेच समजतं.

आता थरथर. लेझर पॉइंटर वापरू नका. हाताची बारीकशी थरथरही पडद्यावर लाल ठिपक्याचा नाच होऊन दिसते. सरळ पडद्याजवळ जाऊन बोट दाखवा. सुटा कागद हातात धरला तर फडफडतो, तो टेबलावर ठेवा. ॲड्रेनालिनमुळे तोंड कोरडं पडतं, म्हणून पाण्याची बाटली जवळ असू द्या. नाव पुकारायच्या आधी श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा, छातीतली धडधड थोडी उतरते. गोळ्याबिळ्यांचे सल्ले मित्रांकडून घेऊ नका.

आणि आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसतेय असं वाटतं, तितकी ती दिसत नाही. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. ही गोष्ट ज्या वक्त्यांना आधी समजावून सांगितली, ते अधिक चांगलं बोलले. म्हणून "सॉरी, मी जरा नर्व्हस आहे" हे वाक्य गाळा. कोणी विचारलेलं नसतं.

खरी धास्ती प्रश्नोत्तरांची, त्यातून मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी प्रश्नांची. आपल्या अहवालातली कच्ची जागा आपल्याला माहीत असते, प्रश्न तिथेच येतो. "वीस-पंचवीस किलोमीटरवर पावसात एवढा फरक कसा?" हे मला विचारणार हे उघडच होतं, त्यामुळे त्याचं उत्तर मी मैत्रिणीला मोठ्याने सांगून ठेवलं होतं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, किंवा आपल्या शब्दांत मांडून "हेच ना?" असं विचारा, विचार करायला तेवढाच वेळ मिळतो. उत्तर येत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही" म्हणून थांबा. थापा मारल्या की पुढचे तीन प्रश्न त्या थापेवरच येतात. मराठीत उत्तर दिलेलं चालेल का, हे मार्गदर्शकांना आदल्या आठवड्यातच विचारा.

आणि फाइल पीडीएफ करून पेनड्राइव्हवरही ठेवा. विभागातल्या संगणकावर मराठी फाँट तुटला की जोडाक्षरांचे चौकोन होतात, आणि मग पाठ केलेली ती चार वाक्यंसुद्धा आठवत नाहीत.