आधी गहू, मग फळ: फळांच्या बिअर चाखताना या चुका टाळा

फळांची गव्हाची बिअर समोर आली की बहुतेक जण बिअर चाखतच नाहीत, फळ शोधायला निघतात. कॅनवर आंब्याचं चित्र आहे ना, मग पहिल्याच घोटात आंबा सापडला पाहिजे. नाही सापडला तर ‘फसवलं’, जास्त सापडला तर ‘इसेन्स टाकलाय’. एखाद्या छोट्या प्रादेशिक ब्रुअरीतल्या माणसाने आठवडेच्या आठवडे टाकीशी झगडून काढलेल्या बिअरचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. चाखण्याच्या बैठकांना माझं जाणं-येणं असतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच त्या चुका पाहून आता वैताग आलाय. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

साधी बिअर सोडून थेट फळावर उडी

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि तीच सगळ्यात जास्त होते.

छोट्या ब्रुअरीत बहुधा गव्हाची एक साधी बिअर ठरलेली असते. तिचाच काही भाग वेगळा काढून कधी रास्पबेरी, कधी जर्दाळू, कधी आंबा घालतात. म्हणजे फळांच्या तीन-चार बिअरच्या पोटात बिअर एकच. ती कशी लागते हेच माहीत नसेल तर फळाने तिचं काय केलं हे कसं कळणार? तंबोरा न ऐकताच ‘गवई बेसूर’ म्हणण्यातला प्रकार झाला.

एका ब्रुअरीच्या टॅपरूममध्ये, म्हणजे तिथेच बिअर प्यायला देतात त्या दालनात, शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ जर्दाळूची गव्हाची बिअर घेऊन बसले होते. दोन घोट झाले आणि आवाज चढला. ‘हे जर्दाळू नाही, केळ्याचा इसेन्स आहे. मला घटकांची यादी दाखवा.’ वाढणारा मुलगा शांत होता. म्हणाला, ‘सर, आमच्याकडे केळं येतच नाही.’ गृहस्थ ऐकेनात. शेवटी त्याने काउंटरवरून साध्या हेफेवायझनचा, म्हणजे फळ न घातलेल्या गव्हाच्या बिअरचा, छोटा ग्लास आणून शेजारी ठेवला. गृहस्थांनी वास घेतला, एक घोट घेतला, आणि विजयी मुद्रेने म्हणाले, ‘बघा, यातही टाकलंय!’

मुलगा काय बोलणार? खरं तर उत्तर त्या ग्लासातच होतं. बव्हेरियन पद्धतीच्या हेफेवायझनचं यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट तयार करतं, आणि पिकल्या केळ्याच्या वासातही मुख्य वाटा याच पदार्थाचा असतो. लवंगेसारखा जो वास येतो तो ४-व्हायनिल ग्वायाकॉलचा. धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून तेच यीस्ट तो बनवतं. केळं नाही, लवंग नाही, इसेन्स तर नाहीच. जर्मनीत वाइसबिअर (गव्हाची बिअर) म्हणवून घ्यायचं तर धान्यातला निदान निम्मा हिस्सा गव्हाच्या मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या गव्हाचा, लागतो. बाकीची ओळख यीस्ट करून देतं.

बेल्जियन विटबिअर, म्हणजे तिथली गव्हाची बिअर, खाली असेल तर संत्र्याची साल आणि धणे आधीपासूनच हजर असतात. ही शैली जवळजवळ संपली होती. हूगार्डन गावात पियेर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. विटबिअरवर पीच घातलं आणि तुम्हाला संत्रं लागलं, तर जीभ बरोबर आहे, निष्कर्ष चूक आहे. अमेरिकन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्ट जवळजवळ गप्प असतं, म्हणून तिथे फळ एकदम पुढे येतं. त्यामुळे ‘फळ कुठलं’ याच्या आधी ‘खाली कुठली बिअर आहे’ हे विचारा.

माझी सवय सांगतो. त्याच ब्रुअरीच्या साध्या बिअरचा अर्धा ग्लास मागवायचा आणि शेवटपर्यंत संपवायचा नाही. फळाची प्रत्येक बिअर चाखली की परत त्याचा एक घोट घ्यायचा. बरोबरच्या मंडळींना हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल बिअर प्यावी, फक्त तिच्यावर मतं देऊ नयेत.

‘गोड नाही, म्हणजे फळ घातलंच नाही’

फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. ते त्यासाठीच तिथे असतं. मागे उरतो तो आंबटपणा, थोडा सालीचा तुरटपणा, रंग आणि सुगंध. रसातून साखर काढून घेतली तर जे राहील त्याची अपेक्षा ठेवून घोट घ्या, म्हणजे निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील.

शिवाय प्रत्येक फळ आंबवण्यातून सारखं तरून जात नाही. रास्पबेरी चिवट, तिचा वास आणि आंबटपणा दोन्ही टिकतात. स्ट्रॉबेरी फार लवकर विरते, तिची बिअर ताजी मिळाली तरच गंमत. ब्लूबेरी रंग भरपूर देते, पण चवीला मुखदुर्बळ. पीचपेक्षा जर्दाळूच बिअरमध्ये जास्त ‘पीच’ लागतो, म्हणून पीचची चव हवी असलेले कित्येक ब्रुअर जर्दाळू वापरतात. चेरी बियांसकट टाकली असेल तर बदामासारखा वास येतो. तो बियांतून आलेल्या बेंझाल्डिहाइडचा, त्यात कुणी बदामाचं काही ओतलेलं नसतं. आंब्याच्या बिअरमध्ये कधी कधी गरापेक्षा सालीचा, चिकाजवळचा वास आधी येतो. काहींना तो खटकतो, मला आवडतो.

बिअर खरंच गोड लागली, तर आंबवणं संपल्यावर फळ किंवा सिरप घातलेलं असेल, किंवा लॅक्टोज असेल. ही दुधातली साखर बिअरच्या यीस्टला पचत नाही. यातलं काहीच पाप नाही. बर्लिनर वाइस नावाच्या आंबट गव्हाच्या बिअरमध्ये रास्पबेरीचं लाल नाहीतर वुडरफ या वनस्पतीचं हिरवं सिरप ग्लासातच घालून प्यायची जुनी रीत आहे. पण ते उघड असतं. घशाच्या औषधासारखी चेरी लागली, जिभेवर गोळीसारखा गोडवा रेंगाळला आणि आंबटपणा नावालाही नसला, तर मात्र इसेन्सचा संशय घ्यायला हरकत नाही.

फ्रीझरमधून थेट गोठवलेल्या ग्लासात

यावर मी लोकांशी भांडलो आहे आणि पुढेही भांडेन.

थंडी वाढली की सुगंध उडत नाही. सुगंध उडाला नाही तर नाकाला काही मिळत नाही, आणि फळाची ओळख जवळजवळ सगळी नाकातूनच होते. जीभ आंबट, गोड, कडू, खारट अशा मोजक्या चवीच सांगते. म्हणजे बर्फगार बिअरमध्ये फळ शोधणारा माणूस दिवा मालवून किल्ली शोधत असतो आणि वर किल्ली हरवल्याचं खापर ब्रुअरीवर फोडतो. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. गव्हाच्या फ्रूट बिअरला ६ ते ८ अंश ठीक, आंबट एलला (एल हा बिअरचाच एक प्रकार) त्याहून थोडं जास्त. थर्मामीटर नको. बाटली बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, आणि तेवढा धीर नसेल तर ग्लासाला तळव्यांनी धरा.

गोठवलेला ग्लास त्याहून वाईट. आतला हिमाचा थर वितळून बिअर पातळ होते, आणि त्या खरबरीत थरावर बिअर पडताच फेस उसळतो. लोक म्हणतात, ‘बिअरमध्येच गडबड आहे.’ बिअर ठीक आहे, तुमचा ग्लास काढा.

ग्लास स्वच्छ आहे का हे ओतल्यावर कळतं. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे साबण नाहीतर तेलकटपणा राहिलाय. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात, आणि पीत जाल तसा फेस काचेवर जाळीसारख्या रेघा सोडतो. गव्हात प्रथिनं जास्त, म्हणून या बिअरचा फेस दाट आणि टिकाऊ असायला हवा. तो मिनिटभरात बसला तर आधी भांडी घासणाऱ्याकडे बघा, मग ब्रुअरकडे. मी स्वतः ग्लास थंड पाण्याने विसळतो, न पुसता तिरका धरतो आणि बिअर काचेवरून सोडतो.

बाटलीच्या तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळाचं म्हणाल तर आधी दोन-तृतीयांश बिअर न हलवता ओता आणि चाखा. मग उरलेली बाटलीतच हलकेच फिरवून गाळासकट ओता आणि पुन्हा चाखा. यीस्ट मिसळल्यावर बिअर जाडसर, पावासारखी लागते आणि फळ थोडं मागे सरकतं. ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावं, पण दोन्ही चाखून. आणि कृपा करून कॅन उलटासुलटा हलवू नका. फळाचा गर असलेली बिअर हलवून उघडणाऱ्याला छत पुसावं लागतं.

एका ओळीत सांगण्यासारख्या

लिंबाची फोड ग्लासावर लावू नका. सालीचं तेल फेस मारतं आणि नंतर सगळ्याच बिअर लिंबाच्या लागतात.

क्रम हलक्याकडून जडाकडे आणि आंबट शेवटी. एकदा आंबट एल पोटात गेली की साधी गव्हाची बिअर पाण्यासारखी वाटते.

सोबत तिखट नको, खारट नको. साधा पाव आणि साधं पाणी.

सेंट फवारून येणाऱ्याला मी टेबलाच्या टोकाला बसवतो.

रंगावरून फळ ओळखू नका.

पहिला वास घेताना लेबल झाका आणि दोन-तीन शब्द लिहून ठेवा, शेजाऱ्याने ‘पेरू!’ म्हटलं की सगळ्यांना पेरूच लागतो.

एका वेळी शंभर मिलिलिटर पुरे. चौथ्या-पाचव्या नमुन्यानंतर माणसं चव सांगत नाहीत, गप्पा सांगतात. गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा.

‘खास प्रसंगासाठी ठेवलीय’

ठेवू नका. जंगली यीस्टवर आंबवलेल्या लँबिकची, तिच्यातच आंबट चेरी घालून केलेल्या क्रीकची गोष्ट वेगळी, त्या वर्षानुवर्षं टिकतात. तुमच्या हातातली फळाची गव्हाची बिअर त्या जातीची नाही. तिचा सुगंध महिन्यांच्या हिशोबाने उतरतो, रास्पबेरीचा गुलाबी रंग विटकरी होत जातो. एका मित्राने स्ट्रॉबेरी एल वाढदिवसासाठी म्हणून कपाटात, होय, फ्रिजबाहेर, पुढच्या वाढदिवसापर्यंत जपली. उघडली तेव्हा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि स्ट्रॉबेरी औषधालाही उरली नव्हती. त्यावर त्याचं म्हणणं असं की बिअर ‘मुरली’ आहे. लोणचं मुरतं, ही शिळी झाली होती.

दुसरा धोका जास्त गंभीर. छोट्या ब्रुअरीची बिअर बऱ्याचदा पाश्चराइझ केलेली नसते. कॅनमध्ये फळाची साखर उरलेली असेल, यीस्ट जिवंत असेल आणि कॅन उकाड्यात पडून राहिला, तर आंबवणं पुन्हा सुरू होतं आणि दाब वाढत जातो. कॅनचं बूड किंवा झाकण फुगलेलं दिसलं तर तो उघडायचा नाही, हातात खेळवायचाही नाही. जाड कापड टाकून थंड करा आणि टाकून द्या. काचेची बाटली फुटली तर काचा उडतात. लेबलवर ‘थंड जागी ठेवा’ लिहिलेलं असतं, ते सजावट म्हणून नसतं.

चव बिघडल्यासारखी वाटली तर

पुठ्ठा किंवा जुना कागद लागला तर हवा लागून बिअर म्हातारी झालीय. उपाय नाही, पुढच्या वेळी तारीख पाहून घ्या. स्कंक नावाच्या प्राण्यासारखा उग्र वास आला तर उजेडाने हॉप्समधले (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधले) पदार्थ बिघडलेत. पारदर्शक आणि हिरव्या बाटल्यांत हे लवकर होतं, तपकिरीत कमी, कॅनमध्ये होतच नाही. ग्लास उन्हात ठेवून गप्पा मारल्या तर काही मिनिटांतही होतं, आणि मग लोक ब्रुअरीला नावं ठेवतात. लोण्याचा वास म्हणजे डायअसेटिल: आंबवणं अर्धवट राहिलं असेल किंवा नळाची नळी घाण असेल. टॅपवर हा वास आला तर तीच बिअर कॅनमध्ये मागून बघा. कॅन ठीक असेल तर दोष नळीचा. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा, तो ब्रुअरीतूनच आलेला असतो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर घाईने बाहेर काढलीय. घाई फक्त पिणाऱ्यांनाच असते असं नाही.

आंबटपणाचं जरा जपून. फळाचा आंबटपणा असतो, मुद्दाम लॅक्टोबॅसिलस हे आंबवणारे जिवाणू घालून आणलेला असतो, दोन्ही स्वच्छ लागतात. व्हिनेगरसारखं नाकाला झोंबलं, बिअर पातळ लागली आणि उघडताच फेस थांबेना, तर नको ते जंतू आत शिरलेत. फक्त फेस जास्त आला आणि चव ठीक असेल, तर बाटली गरम होती किंवा हललेली होती. दुसरी बाटली दिवसभर फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि सिंकवर धरून उघडा.

बिअर खरंच बिघडलेली निघाली तर ब्रुअरीला कळवा, चिडून नाही, नीट. कॅनच्या तळाची तारीख, बॅच नंबर, कुठे आणि किती दिवस ठेवली होती आणि नक्की कसला वास आला, एवढं लिहा. ‘चव बरोबर नव्हती’ एवढ्याच निरोपावरून त्यांना टाकी शोधता येत नाही.