घरी धुतलेल्या स्लाइडवर पट्टे आणि डाग आल्यास दोष कुठे शोधावा

ई-६ या रंगीत स्लाइड फिल्म धुण्याच्या रासायनिक पद्धतीने घरी धुतलेल्या फिल्मवर असमान रंग दिसला, की पुढच्या रोलला तापमान, वेळ आणि टाकी हलवण्याची पद्धत हे सारे एकदम बदलण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास दोष गेला तरी तो कशामुळे गेला, हे कळत नाही. त्यापेक्षा आधी डागाचा आकार आणि त्याची जागा नीट पाहावी.

स्लाइडमध्ये सारे निगेटिव्हच्या उलट घडते, हे पक्के ध्यानात ठेवावे. पहिल्या डेव्हलपरचे, म्हणजे फिल्म ज्यात सर्वात आधी धुतली जाते त्या द्रावणाचे, काम जिथे जास्त होते तिथे स्लाइड फिकी पडते, आणि जिथे कमी होते तिथे ती गडद राहते. म्हणूनच त्या द्रावणात फिल्मला चिकटलेला हवेचा बुडबुडा गडद, गोल ठिपक्याच्या रूपाने उमटतो. द्रावण ओतल्याबरोबर टाकी दुमडलेल्या टॉवेलवर दोन-तीनदा हलकेच आपटावी.

फिल्मच्या कडेच्या छिद्रांपासून चौकटीच्या आत उतरणारे फिके पट्टे दिसत असतील, तर टाकी फार जोरात आणि एकाच लयीत हलवली गेली आहे. ठाण्याच्या मासुंदा तलावावर संध्याकाळी घेतलेल्या माझ्या एका रोलमध्ये प्रत्येक आकाशात वरच्या कडेने बोटांसारख्या फिक्या रेघा उतरल्या होत्या. डेव्हलपर सगळीकडे सारखा पोहोचावा या काळजीपोटी मीच टाकी जोरजोरात हलवत होतो. आता मी सुरुवातीची तीस सेकंदे सावकाश आणि नंतर दर अर्ध्या मिनिटाला तीन-चार वेळा टाकी उलटसुलट करतो, आणि दर वेळी ती हातात थोडी फिरवून धरतो. किटच्या पत्रकात वेगळे प्रमाण दिले असल्यास तेच पाळावे, मात्र हलवणे संथच ठेवावे.

फिल्मच्या लांबीभर एकाच कडेला गडद पट्टी असेल, तर द्रावण कमी पडले आहे किंवा फिल्म गुंडाळलेले रीळ टाकीतल्या दांडीवर वर सरकले आहे. पॅटरसनच्या टाकीत ३५ मिलिमीटरच्या एका रोलला २९० मिलिलिटर लागते. मी त्याहून थोडे जास्तच ओततो. दोन रिळांच्या टाकीत एकच रोल धुताना दुसरे रिकामे रीळ वर ठेवावे.

ठाण्याच्या पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. चेंजिंग बॅगेत (अंधारात फिल्म रिळावर चढवण्याच्या काळ्या पिशवीत) हात घामेजतात, प्लॅस्टिकचे रीळ दमट होते, फिल्म मध्येच अडते आणि तिचे दोन वेढे एकमेकांना चिकटतात. त्या जागी द्रावण पोहोचतच नाही. रीळ आधी हेअर ड्रायरने वाळवून गार होऊ द्यावे, आणि रात्री न्हाणीघरात पूर्ण अंधार करता येत असेल तर बॅग वापरूच नये.

फरक एकाच रोलवर नसून दोन रोलांमध्ये असेल, तर तापमान तपासावे. पहिल्या डेव्हलपरसाठी ३८ अंश सेल्सिअस हवे आणि त्यात ०.३ अंशाहून अधिक चढउतार नसावा. ताप मोजण्याचा घरातला डिजिटल थर्मामीटर याच पट्ट्यात वाचतो, त्यामुळे एकाच बादलीत दोन्ही धरून आपल्या थर्मामीटरची चूक काढता येते. पंखा बंद ठेवावा आणि रिकामी टाकीही कोमट पाण्यात ठेवून तापवून घ्यावी. धुण्याचे पाणी थेट नळाचे घेऊ नये: गच्चीवरच्या टाकीचे पाणी मे महिन्यातल्या दुपारी चांगलेच तापलेले असते आणि जानेवारीच्या सकाळी गार असते. दोन बादल्या आधीच भरून ३८ अंशांवर आणाव्यात. पाणीकपातीच्या दिवशी तर ऐन वेळी नळ कोरडा निघतो, आणि पहिला डेव्हलपर नीट न धुता कलर डेव्हलपर ओतला तर रंग बिघडतात.

चौकटीबाहेरची प्रकाश न पडलेली कडही पाहावी. ती गडद काळी हवी. तिथेच लालसर किंवा नारिंगी उजेड शिरलेला दिसल्यास दोष धुण्याचा नसून बहुधा प्रकाशगळतीचा असतो.

सगळी स्लाइड मळकट, ढगाळ आणि जड दिसत असेल, तर ब्लिक्स (फिल्ममधली चांदी काढून टाकणारे ब्लीच आणि फिक्सरचे एकत्र द्रावण) अपुरे झाले असण्याची शक्यता आहे, आणि दुरुस्त करता येणारा दोष हाच. वाळलेली फिल्म पाण्यात भिजवून, ताज्या ब्लिक्समध्ये पूर्ण वेळ पुन्हा ठेवावी. हे उजेडात करता येते. त्यानंतर पुन्हा पूर्ण धुऊन शेवटचे द्रावणही परत द्यावे. इतके करूनही स्लाइड उजळली नाही, तर तो गडदपणा पहिल्या डेव्हलपरमुळे किंवा कमी एक्सपोजरमुळे आलेला आहे आणि त्या रोलवर आता काही करता येणार नाही.