इंग्रजीची उजळणी: सुरुवात 'पासून'पासून

सांगलीत विश्रामबागेजवळ मी नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर लिहायला असलेले येतात, मिरजेच्या दवाखान्यांतल्या सिस्टर येतात. शाळेत सगळ्यांचंच इंग्रजी झालेलं असतं, तरी जो तो पुन्हा नाम-सर्वनामापासून सुरुवात करायला बघतो. तसं करू नका. ते तुम्हाला येतं, म्हणून कंटाळा येतो आणि पुस्तक तिथेच मिटतं. जिथे मराठीच्या सवयीने इंग्रजी चुकतं, तेवढ्याच जागा धरा.

त्यातली सगळ्यात मोठी जागा 'पासून'ची. 'मी तीन वर्षांपासून सांगलीत राहतो' याचं बहुतेक जण 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन सांगली सिन्स थ्री इयर्स' करतात. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून', दोन्हीकडे 'पासून' चालतं. इंग्रजीत कधी सुरू झालं ते सांगताना सिन्स येतं: सिन्स मंडे, सिन्स २०२१. किती काळ चाललंय ते सांगताना फॉर: फॉर थ्री इयर्स. शिवाय मराठीत नुसत्या 'राहतो'वर भागतं, इंग्रजीत भागत नाही: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन सांगली फॉर थ्री इयर्स.'

हे पाठ करून येत नाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा आणि स्वतःची एकेक गोष्ट दोन्हीकडे लिहा. समजा जून महिना चालू आहे आणि माल एप्रिलमध्ये आलाय. डावीकडे 'द टर्मरिक हॅज बीन इन द गोडाउन सिन्स एप्रिल', उजवीकडे तेच 'फॉर टू मंथ्स' लावून. मग नोकरी, चष्मा, गुडघेदुखी, भाड्याचं घर, जे असेल ते. पान भरेपर्यंत हात आपोआप बरोबर वळायला लागतो.

बाकीचं लवकर होतं. 'डिड यू वेंट' नको, 'डिड यू गो'. भूतकाळ 'डिड'मध्ये आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात. वाक्यात 'येस्टरडे' असेल तर 'हॅव' घेऊ नका, 'आय सॉ हिम येस्टरडे' पुरे. 'ए' आणि 'द' मात्र सावकाश अंगवळणी पडतात, कारण मराठीत तसं काही नाही. 'देअर इज ए ट्रक आउटसाइड. द ट्रक इज फ्रॉम तासगाव.' ट्रक पहिल्यांदा आला तेव्हा 'ए', ऐकणाऱ्याला कुठला ते कळलं की 'द'. रोज अशा चार जोड्या लिहा.

शब्दांच्या याद्या पाठ करायला माझा साफ विरोध आहे. एकटा शब्द बोलताना आठवत नाही, अख्खं वाक्य आठवतं. सकाळपासून घरात तुम्ही जे बोलता तेच घ्या. गॅस संपला: 'वी हॅव रन आउट ऑफ गॅस.' दूध नासलं: 'द मिल्क हॅज गॉन ऑफ.' लाईट गेली: 'द पॉवर हॅज गॉन आउट.' आणि लाईट बंद कर म्हणताना 'क्लोज' नाही, 'टर्न ऑफ द लाइट'. क्लोज दाराला.

हरमान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून मांडलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. पण वही उघडून वाचत बसू नका. डावीकडे मराठी लिहा, उजवी बाजू हाताने झाका, वाक्य मोठ्याने म्हणा आणि मगच हात काढा. अडलेल्या वाक्यापुढे पेन्सिलीने टिंब द्या. पुढच्या वेळी फक्त टिंबवाली म्हणा. लागोपाठ दोनदा न अडता आलं की टिंब खोडून टाका.