तीस पाउंडांचा हट्ट आणि इतर काही: बॅडमिंटनमधल्या या चुका टाळा

माझ्या गॅलरीत गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तारा ओवायचं मशीन आहे. सकाळची सहाची बॅच खेळून आलो की चहा घेता घेता एखादी रॅकेट ओवून होते. पैसे फारसे सुटत नाहीत, पण माणसं कळतात. गट, म्हणजे तारांची जाळी, मध्यावर झिजून तुटला असेल तर खेळणारा बरा. वरच्या टोकाला, फ्रेमला लागून तुटला असेल तर शटल अजून जाळीच्या मधोमध बसत नाहीये.

गेल्या वर्षी एक पोरगा आला. खेळायला लागून दीड महिना, आणि हातात दहा हजारांच्या पुढची रॅकेट. गट तुटलेला, अर्थातच वरच्या टोकाला. म्हणाला, "काका, तीस पाउंड करा." म्हणजे गट तीस पाउंडांच्या ताणाने बांधा. कुणी सांगितलं? व्हिडिओत बघितलं. त्याला म्हटलं, बाबा रे, तो व्हिडिओतला खेळाडू रोज सहा तास कोर्टवर असतो, त्याला शटल जाळीत नेमकं कुठे घ्यायचं हे झोपेतही कळतं. गट जितका ताणलेला, तितकी नीट फटका बसायची जागा लहान आणि चुकला तर हाताला झिणझिण्या. सैल गट शटलला आपणहून फेकतो, घट्ट गटात सगळा जोर तुलाच आणावा लागतो. बावीस करून देतो. पोराचा चेहरा असा पडला की जणू मी त्याला लेडीज सायकल देतोय.

तो गेला आणि दुसरीकडून तीस करून आणली. बाराव्या दिवशी परत दारात. घड्याळात दोन वाजतात त्या जागी फ्रेमला तडा, बोट फिरवलं तर टोचत होता. डबल्समध्ये पार्टनरच्या रॅकेटवर रॅकेट आदळली होती. अशी टक्कर सगळ्यांचीच होते, पण आधीच ताणाखाली असलेली फ्रेम ती सोसत नाही. दुकानदाराने दांड्यावर छापलेला आकडा दाखवला, २० ते २८ पाउंड, आणि हात वर केले. चूक त्याचीही नव्हती.

तेव्हा तुमच्या रॅकेटवर छापलेला आकडा आधी वाचा. नव्याने खेळणाऱ्याला मी २१-२२ च्या वर बांधून देत नाही, रागावला तरी. दोन वर्षं नियमित खेळल्यावर २४ मागा, आनंदाने देईन. वजनाचंही तेच: ४यू म्हणजे ८० ते ८४.९ ग्रॅम, बहुतेकांना तेवढी पुरे. डोक्याकडे जड असलेली रॅकेट 'स्मॅशसाठी' घ्यायची घाई नको. स्मॅश नंतर. आधी बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून) समोरच्या बेसलाइनपर्यंत टॉस, म्हणजे उंच लांब फटका, पोचतो का ते बघा.

बूट: रनिंग शूज घालून कोर्टवर येऊ नका. त्यांची टाच उंच आणि मऊ, सरळ धावायला केलेली. बाजूला झेप घेतली की पाय कलंडतो. माझा उजवा घोटा असाच मुरगळला आणि सहा आठवडे मी बाकावर बसून इतरांचे गुण मोजले. चपट्या गम सोलचे नॉन-मार्किंग, म्हणजे कोर्टवर डाग न पाडणारे बूट घ्या. पैसे कमी असतील तर रॅकेट स्वस्तातली घ्या, बूट नाही.

पकड: उलथणं धरल्यासारखी रॅकेट धरू नका. हस्तांदोलन करताना हात जसा पुढे येतो, तशी धरा. ग्रिपवर ग्रिप चढवून मुसळ करणाऱ्यांनीही हात जोडतो, जुनी काढा मग नवी लावा.

आता नियमांकडे. ज्या गावाच्या नावाने या खेळाला एकेकाळी 'पूना' म्हणत, त्याच गावात डबल्सच्या सर्व्हिसवरून दर रविवारी भांडणं होतात, आणि ती पोरांची नसतात. ती पन्नाशीच्या पुढच्यांची असतात. एका सोसायटीच्या स्पर्धेत १८-१७ वर खेळ थांबला. एक काका ठाम: "सुरुवातीला उजवीकडे मी होतो. आपले गुण सम आहेत. म्हणजे मी उजवीकडेच." पंधरा मिनिटं शटल कोर्टवर पडून, पोरं वडापाव संपवून परत आली.

गंमत अशी की काकांचं गणित एके काळी अगदी बरोबर होतं. २००६ च्या आधी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळायचा आणि गुण मिळाला की जोडी जागा बदलायची. त्यामुळे सम गुणांवर सुरुवातीचा उजवीकडचा खेळाडू नेहमी उजवीकडेच सापडायचा. आता प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिस कुणाचीही असो, जिंकणाऱ्याला गुण आहे. सर्व्हिस खेचून घेणाऱ्या जोडीचा गुण वाढतो, पण जागा बदलत नाही. तिथेच सम-विषमचा जुना हिशेब मोडला.

मी एवढंच लक्षात ठेवतो: जागा फक्त सर्व्हिस करणारी जोडी बदलते, तीही स्वतःच्या सर्व्हिसवर गुण मिळाला तरच. सर्व्हिस आपल्याकडे आली की हलायचं नाही, आपला गुण बघायचा. सम असेल तर उजवीकडे उभा असलेला सर्व्हिस करणार, विषम असेल तर डावीकडचा. आणि 'सेकंड सर्व्हिस', म्हणजे जोडीतल्या दुसऱ्याला मिळणारी सर्व्हिस, हा प्रकार त्याच बदलात गेला, कृपया मागू नका. त्या रविवारी अख्खा गेम पुन्हा खेळायचं ठरत होतं. त्याचीही गरज नव्हती. चुकीच्या कोर्टमधून खेळल्याचं लक्षात आलं तर जागा दुरुस्त करायच्या, झालेले गुण तसेच राहतात.

सर्व्हिसची उंची: शटल कमरेखाली मारायचा नियम २०१८ मध्ये बदलला. आता फटका बसताना अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. नेटचा पोल १.५५ मीटरचा असतो, वरून ४० सेंटिमीटर खाली आमच्या कोर्टवर मी लाल चिकटपट्टी लावली आहे. तेव्हापासून वाद निम्म्यावर.

रेषेवर पडलेलं शटल आत. रॅली चालू असताना नेटला रॅकेट, कपडा काहीही लागलं तर फॉल्ट, "हलकंच लागलं" हे कारण नाही.

शटल: वेगाचा आकडा जितका मोठा, तितकं ते लांब जातं. डिसेंबरात बरं वाटणारं ७७ मे महिन्यात बेसलाइनबाहेर पडू लागतं, तेव्हा ७६ घ्या आणि स्वतःच्या ताकदीचं कौतुक थांबवा. हिवाळ्यात पिसं कोरडी पडून पटापट मोडतात. मी आदल्या रात्री डबीची दोन्ही झाकणं काढून पिसांच्या बाजूने किटलीची वाफ चार-पाच सेकंद जाऊ देतो, बुचाला वाफ लावत नाही. पायाने शटल सरकवणाऱ्यांबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात गट सैल पडतो.

आणि एक तार तुटली की उरलेल्या लगेच कापा, मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, उभी-आडवी आलटून पालटून. एकाच बाजूला ताण राहिला तर फ्रेम वाकडी होते. लोक तशीच आठवडाभर बॅगेत घेऊन फिरतात आणि मग माझ्याकडे आणतात. त्यासाठी किटमध्ये छोटी कात्री ठेवा. माझी मागू नका, तिची धार गेली की मला नवी घ्यावी लागते.