जँगोचं मॉडेल: कोणती अट कोण पाळतं?

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये मॉडेल क्लास लिहिणं पहिल्याच दिवशी जमतं. क्लास म्हणजे टेबल, फील्ड म्हणजे कॉलम, ऑब्जेक्ट म्हणजे टेबलातली एक ओळ. अडचण पुढे येते, कारण फील्डच्या कंसात लिहिलेली प्रत्येक अट डेटाबेसपर्यंत पोचत नाही. काही अटी पायथन पाळतं, काही डेटाबेस पाळतो. कुठली कोणाकडे, हे माहीत असलं की निम्मे बग आधीच टळतात.

वाचनालयाचं सॉफ्टवेअर घेऊ: सभासद, पुस्तक आणि देवघेव अशी तीन मॉडेल्स. सभासदाचा पत्ता ऐच्छिक आहे. इथे फक्त ‘ब्लँक’ (रिकामं सोडलं तरी चालेल) ट्रू ठेवा, ‘नल’ (कॉलममध्ये किंमतच नाही) नको. ‘ब्लँक’ फॉर्मच्या तपासणीपुरतं असतं, तर ‘नल’ थेट कॉलमवर लागू होतं. मजकुराच्या फील्डला दोन्ही दिली तर ‘पत्ता नाही’ हे दोन प्रकारे साठतं, कुठे नल तर कुठे रिकामी स्ट्रिंग, आणि यादी काढताना त्यातले अर्धे निसटतात. ऐच्छिक जन्मतारखेला मात्र दोन्ही लागतात. ऐच्छिक ईमेल युनिक (प्रत्येकाचा वेगळा) हवा असेल तर तिथेही नल हवंच, नाहीतर ईमेल न देणारा दुसरा सभासद नोंदवतानाच एरर येईल.

अनामत रक्कम डेसिमल फील्डमध्ये ठेवा. पैशांसाठी फ्लोट (अंदाजे साठणारा अपूर्णांक) कधीच नाही. तिला शून्याचा किमान व्हॅलिडेटर (किंमत तपासणारा नियम) लावून निर्धास्त होऊ नका. व्हॅलिडेटर आणि ‘चॉइसेस’ (ठरलेल्या पर्यायांची यादी) दोन्ही ‘फुल क्लीन’ या मॉडेलच्या मेथडमध्ये तपासले जातात, आणि ‘सेव्ह’ ते आपणहून बोलावत नाही. मॉडेल फॉर्म बोलावतो, म्हणून फॉर्ममधून सगळं ठीक चालतं. पण एक्सेलमधून सभासद भरणारी स्क्रिप्ट उणे ५० रुपये बिनबोभाट साठवते. उपाय म्हणजे मॉडेलच्या आतल्या मेटा क्लासमध्ये चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे ती अट डेटाबेसच पाळतो. ‘मॅक्स लेंग्थ’चंही (कमाल लांबी) असंच: एसक्यूलाइट जास्त लांबीचं नाव मुकाट्याने घेतं, पोस्टग्रेस एरर देतं. लाइव्हवर जो डेटाबेस असेल तोच लॅपटॉपवरही वापरा.

फॉरेन कीला, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणाऱ्या फील्डला, ‘ऑन डिलीट’ (ती ओळ काढली तर काय करायचं) देणं जँगोच्या २.० आवृत्तीपासून सक्तीचं आहे, आणि बहुतेक जण हात सवयीने ‘कॅस्केड’कडे नेतात. मग एक सभासद काढला की त्याची सगळी देवघेव पुसली जाते. जिथे हिशेब किंवा इतिहास आहे तिथे ‘प्रोटेक्ट’ वापरा, ते सभासद काढूच देत नाही.

मायग्रेशनकडे, म्हणजे मॉडेलमधले बदल टेबलांत उतरवण्याकडे, नवखे सर्वात कमी लक्ष देतात, आणि डेटा जातो तो इथेच. ‘मेकमायग्रेशन्स’ फक्त फाइल लिहितं. टेबल बदलतं ‘मायग्रेट’. मधल्या वेळेत ती फाइल उघडून वाचा, ‘एसक्यूएलमायग्रेट’ने प्रत्यक्ष एसक्यूएल पाहा. फील्डचं नाव बदललं की जँगो विचारतं, हे नामांतर आहे का? नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’ धरलं जातं: जुना कॉलम डेटासकट काढून नवा रिकामा कॉलम तयार होतो. नाव आणि प्रकार एकदमच बदलले तर तो प्रश्नही येत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल. भरलेल्या टेबलात नवा सक्तीचा कॉलम हवा असेल तर आधी नल चालेल असा जोडा, मग जुन्या ओळी भरा, शेवटी नल काढा. सहकाऱ्यांनी चालवलेली मायग्रेशन फाइल नंतर दुरुस्त करू नका, नवी बनवा.

वेग मंदावतो तो बहुधा एकाच कारणाने. १०० देवघेवींच्या यादीत प्रत्येकीचं पुस्तक आणि सभासद दाखवला तर १ अधिक २००, म्हणजे २०१ क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) जातात. ‘सिलेक्ट रिलेटेड’ने टेबलांचा जॉइन होऊन काम एका क्वेरीत होतं. एका पुस्तकाचे अनेक लेखक असतील, तर तिथे ‘प्रीफेच रिलेटेड’, ते सगळे लेखक एका वेगळ्या क्वेरीत आणतं. डीबग टूलबार लावला की हे आकडे समोर दिसतात.

शिल्लक प्रतींचा आकडा पायथनमध्ये वाचून, एक वजा करून सेव्ह करू नका. दोन काउंटरवर एकाच वेळी ३ वाचलं गेलं तर दोघंही २ लिहितील. एफ एक्स्प्रेशन वापरा, वजाबाकी डेटाबेसमध्येच होते.

शेवटचं काम खरं तर सर्वात आधी करायचं: पहिल्या ‘मायग्रेट’च्या आधी स्वतःचं यूजर मॉडेल बनवा, भले ते आत्ता रिकामं असो. टेबलं भरल्यावर ते बदलणं फार किचकट असतं.